जॉकी भेटतो तो पहाटे, घोड्याच्या पायाशी

तुम्ही विचारलंय की रेसच्या नामांकित जॉकींशी माझी कधी गाठ पडली का, त्यांचे काही किस्से सांगता येतील का, आणि घोड्यांचं वेड लागलेल्या तुमच्या भाच्याला असा एखादा जॉकी कुठं भेटू शकेल का. मी जॉकी नव्हे, ट्रेनरही नव्हे. मी नालबंद. उमेदीची वर्षं पुण्या-मुंबईच्या रेसच्या पागांमध्ये गेली, आता कोल्हापुरात घोडागाडीच्या आणि रायडिंगच्या घोड्यांना नाल मारतो. पण जॉकी हा माणूस कसा आहे हे ओळखायला घोड्याच्या पायाशी बसण्याइतकी चांगली जागा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मला प्रत्यक्ष भेटलेल्या जॉकींची नावं मात्र मी लिहिणार नाही. त्यांचं वजन, मोडलेली हाडं, कुठल्या घोड्याचा कुठला पाय दुखत होता, या त्यांच्या पोटापाण्याच्या गोष्टी. पागेत ऐकलेलं पागेत ठेवायचं असं मला शिकवलं गेलंय आणि ते मला पटतं. ज्यांच्या कथा जगजाहीर आहेत त्यांची नावं घेईन.

रेसच्या दिवशी जॉकी दिसतो, भेटत नाही. वजन करून तो आतल्या खोलीतून येतो, मालकाच्या रंगांचा रेशमी शर्ट घातलेला. पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या कुंपणात, ट्रेनर त्याच्या कानाशी दोन वाक्यं बोलतो, डाव्या बाजूनं त्याचा गुडघा धरून त्याला घोड्यावर चढवतो, आणि तो निघून जातो. रेस संपली की खोगीर काढून पुन्हा काट्यावर. मग पुढची रेस. त्या गडबडीत त्याला हाक मारणाऱ्याला तो कसा ओळखणार? पहाटेची गोष्ट वेगळी. पहाटे घोड्यांचं काम चालतं तेव्हा तोच जॉकी जुनं जाकीट घालून, हातात चहाचा कप धरून पागेच्या दारात उभा असतो. त्या वेळी तो बोलतो. आणि बहुतेक वेळा घोड्याबद्दलच बोलतो.

पुण्याच्या सीझनमधली एक पहाट सांगतो. त्या काळी ज्याच्या नावावर लोक डोळे झाकून पैसे लावायचे असा एक जॉकी एका तरुण घोडीवर गॅलप मारून आला आणि उतरून थेट माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, हिचा पुढचा उजवा बघा." मी तिला चालवून बघितली, दुडकी पळवून बघितली. काही नाही. सईस, म्हणजे घोडीची देखभाल करणारा माणूस, म्हणाला, घोडी ठणठणीत आहे, सगळा दाणा खाल्लाय. जॉकी हलेना. म्हणाला, "वळणावर पाय बदलते."

हे जरा समजावून सांगायला हवं. घोडा भरधाव पळतो तेव्हा पुढच्या दोन पायांपैकी एक पाय पुढं टाकून पळतो. मुंबई-पुण्यात घोडे उजवीकडं वळत पळतात, म्हणून वळणावर उजवा पाय पुढं हवा. सरळ रस्ता लागला की घोडा पाय बदलतो आणि दमलेल्या बाजूला विश्रांती देतो. ही घोडी वळण पुरं होण्याआधीच डाव्यावर जात होती. घोडा अशा वेळी तासाला साठ किलोमीटरच्या आसपास वेगात असतो. खाली साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, शेजारी दुसरे घोडे, तोंडावर उडणारी माती, आणि या माणसाला एका टापेचा फरक कळला होता.

मी मोठ्या चिमट्यानं खूर दाबत गेलो. आतल्या बाजूच्या एका खिळ्यापाशी घोडीनं पाय झटकला. दुसऱ्या शहरातून ती नुकतीच आली होती, नाल तिथलाच होता, आणि तो खिळा खुराच्या जिवंत भागाच्या फार जवळून गेला होता. टोचला नव्हता, दाबत होता. चालताना जाणवत नाही, पण भरधाव पळताना सगळा भार त्या पायावर आला की जाणवतो. खिळा काढला, खूर शेकला, काही दिवस विश्रांती दिली. पुढच्या वेळी जॉकी तिच्यावर बसून आला, लांबूनच अंगठा दाखवला आणि दुसऱ्या घोड्याकडं गेला.

त्या दिवसापासून मी जॉकीला याच एका गोष्टीवरून तोलतो. तो उतरल्यावर काय बोलतो? साधा रायडर म्हणतो, घोडा चांगला पळाला, किंवा आज मूडमध्ये नव्हता. मोठा जॉकी सांगतो की अमुक खांबापाशी श्वासाचा आवाज बदलला, किंवा लगामाला उजवीकडं जास्त वजन लागलं. माझ्या पाहण्यातल्या मोठ्या जॉकींचे हात फार शांत होते. चाबूक लोकांना दिसतो, हात दिसत नाहीत.

आपल्या कोल्हापूरला हे जग परकं नाही, हे भाच्याला जरूर सांगा. रेसकोर्स नाका म्हणून रिक्षावाल्याला आपण सहज सांगतो, पण तिथं रेसकोर्स का, असं पोरं विचारत नाहीत. संस्थानी काळात घोडा हा इथल्या दरबाराचा जीव होता. शाहू महाराजांचं नाव आपण तालमीशी आणि खासबागेशी जोडतो, पण घोड्यांवरही त्यांचा तेवढाच लोभ होता. देशभरातल्या राजांनी त्या काळी रेसला पैसा आणि माणसं पुरवली. 1943 साली मुंबईत पहिली इंडियन डर्बी झाली ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं जिंकली, आणि तिच्यावर होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. पुढं हाच ब्रिट इंग्लंडला गेला आणि 1947 साली बडोद्याच्याच सयाजीराव नावाच्या घोड्यावर त्यानं सेंट लेजर ही तिथली मानाची शर्यत मारली. राजपिपळ्याच्या महाराजांच्या विंडसर लॅडनं तर 1934 साली खुद्द इंग्लंडमधली एप्समची डर्बी जिंकली होती. सुरुवातीला मोठ्या घोड्यांवर गोरे जॉकी असायचे. मग पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे अशी आपल्या मातीतली नावं रेसकार्डावर ठळक झाली. जुने सईस ही नावं घेताना आवाज बदलायचे, हे मी स्वतः ऐकलंय.

आता किस्से. मला सगळ्यांत आवडणारा अमेरिकेतला आहे, बिल शूमेकरचा. हा माणूस जन्मला तेव्हा जेमतेम सव्वा किलोच्या आत होता. जगण्याची आशा नव्हती. आजीनं त्याला बुटाच्या खोक्यात घालून उघड्या ओव्हनच्या उबेला ठेवलं आणि तो वाचला. पुढं त्यानं 8,833 शर्यती जिंकल्या. पण किस्सा आहे हरलेल्या शर्यतीचा. 1957 ची केंटकी डर्बी, घोडा गॅलंट मॅन. शर्यतीच्या आधी मालकानं सांगितलं होतं की मला स्वप्न पडलंय, माझा जॉकी विनिंग पोस्ट चुकतो आणि आपण हरतो. आणि झालं तसंच. शेवटाच्या आधी सुमारे शंभर मीटरवर जो खांब असतो तोच शेवट समजून शूमेकर रिकिबीत क्षणभर उभा राहिला. चूक लगेच लक्षात आली, तो परत खाली बसला, पण आयर्न लीज हा दुसरा घोडा नाकभर पुढं निघून गेला. एवढ्या मोठ्या शर्यतीत, एवढ्या मोठ्या जॉकीकडून! काहीच आठवड्यांनी बेलमाँट स्टेक्स या दुसऱ्या मोठ्या शर्यतीत त्याच घोड्यावर पुन्हा शूमेकरच बसला. गॅलंट मॅननं आठ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं ती शर्यत मारली आणि वेळेचा विक्रम केला, तो 1973 साली सेक्रेटेरिएट हा घोडा येईपर्यंत टिकला. मला यात घोड्याच्या मालकाचं फार कौतुक वाटतं. स्वप्न खरं ठरवून ज्यानं डर्बी घालवली, त्यालाच त्यानं पुन्हा चढवलं.

इंग्लंडच्या लेस्टर पिगटबद्दल पागेत जेवढं बोललं जातं तेवढं क्वचितच दुसऱ्या परदेशी जॉकीबद्दल बोललं जातं, कारण तो आपल्याकडंही येऊन धावलेला. एप्समची डर्बी नऊ वेळा, त्यातली पहिली 1954 साली, वय अठरा. त्याला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. त्याची एक गोष्ट जॉकींच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात: जिंकल्यावर पागेतल्या पोरानं एका कानाशी जाऊन एक पौंड बक्षीस मागितलं. पिगट म्हणाला, ऐकू आलं नाही, दुसऱ्या कानाशी ये. पोरगा दुसऱ्या बाजूला गेला आणि धीर करून दोन पौंड मागितले. पिगट म्हणाला, एक पौंडवाल्या कानाकडंच जा. त्याच माणसानं 1979 साली फ्रान्समध्ये दोव्हिलच्या शर्यतीत स्वतःचा चाबूक पडल्यावर शेजारच्या जॉकीच्या हातातला चाबूक भर वेगात काढून घेतला! शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. पण हात पुढं करून, तोल न जाऊ देता, घोड्याची चाल न मोडता हे करणं म्हणजे काय, ते घोड्यावर बसणाऱ्यालाच कळेल. निवृत्ती घेतली, करचुकवेगिरीबद्दल तुरुंगातही जाऊन आला, आणि 1990 साली परत आल्यावर काही दिवसांतच अमेरिकेत रॉयल अकॅडमी या घोड्यावर ब्रीडर्स कप माईल ही मोठी शर्यत जिंकली. वय 54. शूमेकरनं फर्डिनंड या घोड्यावर 1986 ची केंटकी डर्बी जिंकली तेव्हा त्याचंही वय 54 होतं. घोड्यावरचा हात म्हातारा होत नाही.

पिगट जॉकीच्या मानानं उंच होता. म्हणजे आयुष्यभर उपास. या धंद्यातली ही सगळ्यांत कठीण बाजू, आणि भाच्याच्या आईला तुम्ही ही आधी सांगा. आपल्या कोल्हापुरात ताकद म्हटली की थंडाई, तूप, मटण, खुराक. तालमीतलं पोरगं जेवढं खाईल तेवढं घर खूष. जॉकीचं सगळं उलट. पन्नास-पंचावन्न किलोच्या आत राहायचं, आणि तरीही पाचशे किलोचं जनावर आवरायचं. वाफेच्या खोलीत बसून घाम काढायचा, काट्यावर उभं राहीपर्यंत पाणी टाळायचं. एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा फ्रेड आर्चर तेरा वर्षं चॅम्पियन होता, पण अंगानं उंच. वजन उतरवता उतरवता शरीर पोखरलं, बायको बाळंतपणात गेली, आजारपण आलं, आणि 1886 साली एकोणतिसाव्या वर्षी त्यानं स्वतःचा जीव घेतला. आज डॉक्टर आहेत, आहाराचं शास्त्र आहे, पण काटा तोच आहे.

याच्याशी जोडलेली माझी एक भेट महालक्ष्मी एक्स्प्रेसमधली. रात्री मुंबईहून कोल्हापूरला येत होतो. समोरच्या बर्थवर एक लहान चणीचा म्हातारा, पाठ ताठ, पाय जरा फाकलेले, आणि खांद्याचं हाड उंच उठलेलं. कॉलरबोन मोडून नीट न बसल्याची ती खूण. मी हात बघितले आणि ओळखलं. नाव विचारायची गरज नव्हती. तरुणपणी याच माणसाला बघायला मी रेलिंगला लटकत असे. तो अंबाबाईच्या दर्शनाला निघाला होता. घरून आणलेली पोळी-भाजी मी पुढं केली. त्यानं अर्धी पोळी घेतली आणि उरलेली नीट घडी घालून परत ठेवली. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पोटाची सवय गेली नव्हती.

पुणे येईपर्यंत आम्ही घोड्यांच्या खुरांवर बोललो. मग मी विचारलं, कुठली रेस लक्षात राहिली? मला वाटलं डर्बी सांगेल. त्यानं सांगितली ती न पूर्ण केलेली रेस. घोडी फेव्हरिट होती. सरळ रस्त्याला लागल्यावर तिच्या पुढच्या पायातून त्याला काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. पुढं जागा मोकळी होती, रेटली असती तर जिंकली असती. त्यानं लगाम खेचून तिला थांबवलं. लोकांनी शिव्या घातल्या, रेलिंगवरून वस्तू फेकल्या, मुद्दाम हरवली म्हणून ओरडले. तो उतरून तिचा पाय हातात धरून उभा राहिला, कारण त्या अवस्थेत घोडीनं चालायचं नव्हतं. शीर फाटायला आली होती. आणखी थोडं अंतर पळाली असती तर तिला तिथंच गोळी घालावी लागली असती. ती पुन्हा कधी पळाली नाही, पण स्टडफार्मवर गेली आणि तिला शिंगरं झाली. "तिची पोरं पळताना बघितली मी," एवढं म्हणून तो आडवा झाला. सकाळी उठलो तेव्हा तो तोंड धुऊन, केस विंचरून, स्टेशन यायची वाट बघत बसला होता.

घोडा पडतो तेव्हा जॉकीही पडतो, हेही सांगायलाच हवं. कार्ल उमरीगर हा मुंबईचा फार गुणी पोरगा, 1979 साली मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यावरून पडून गेला. एकोणीस वर्षांचा होता. पेसी श्रॉफ हा जॉकी पुढं आठ इंडियन डर्बी जिंकला आणि नंतर ट्रेनर झाला. कार्लचं नाव निघालं की जुनी माणसं आजही गप्प होतात. आता जॉकीच्या अंगात संरक्षक जाकीट असतं, हेल्मेट सुधारलंय, मागून रुग्णवाहिका धावते. धोका कमी झाला, संपला नाही.

एक भेट आपल्या रंकाळ्यावरची. संध्याकाळची वेळ, पोरांना फिरवणारी तट्टं उभी होती. सध्या धावणारा एक नामांकित जॉकी पाहुण्यांकडं आला होता, मला आधी फोन केला होता म्हणून आम्ही दोघं तिथं फिरत होतो. कुणी ओळखलं नाही. एका तट्टाजवळ तो थांबला, वाकला, मालकाला विचारून पाय उचलला. खूर वाढून पुढं लांब गेला होता. तट्टूवाला त्याची चण बघून म्हणाला, "बसा की दादा, तुमचं वजन झेपंल त्याला." हा मनापासून हसला, पण बसला नाही. खिशातून पैसे काढून तट्टूवाल्याला दिले आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, उद्या यांच्याकडं घेऊन जा. दुसऱ्या दिवशी तट्टू आलं. मी खूर तासून नाल मारला. त्या माणसाला अजून ठाऊक नाही की त्याच्या तट्टाचा पाय कुणी धरला होता.

आता भेटायचं कसं. पुण्याचा सीझन साधारण जुलैपासून पावसाळाभर आणि पुढं दिवाळीच्या आसपासपर्यंत, मग हिवाळ्यात मुंबई. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला महालक्ष्मीवर. कोल्हापूरहून पुणं जवळ पडतं, तिथूनच सुरुवात करा. रेसच्या दिवशी भाच्याला स्टँडवर वर नेऊ नका, पॅडॉकच्या रेलिंगपाशी उभं करा. घोडे फिरवताना बघू दे, जॉकी कसा चढतो, रिकीब किती आखूड ठेवतो, लगाम कसा गोळा करतो ते बघू दे. सकाळच्या कामाच्या वेळी पागेत बाहेरच्या माणसाला असंच सोडत नाहीत. ओळखीच्या ट्रेनरची किंवा मालकाची परवानगी लागते आणि ती आधी मागावी.

आणि जॉकी समोर आलाच तर "आज कुठला घोडा?" हे चुकूनही विचारू नका. जॉकीला पैसे लावायला बंदी आहे, आणि टिप मागणाऱ्या माणसाशी बोलताना दिसणंसुद्धा त्याच्या लायसन्सला धोक्याचं. त्याला घोड्याबद्दल विचारा. हा घोडा गेटमध्ये शांत उभा राहतो का, वळणावर कुठल्या पायावर असतो. असं विचारणाऱ्या पोराशी थकलेला जॉकीसुद्धा दोन मिनिटं बोलतो, हे मी अनेकदा बघितलंय. फोटो नंतर मागा.

भाच्याला खरंच या वाटेनं जायचं असेल तर आधी घरातल्या माणसांची उंची आणि हाडपेर बघा. आई-वडील दोघंही भक्कम बांध्याचे असतील तर पोराला उपाशी ठेवून जॉकी करू नका. ट्रेनर, रायडिंग मास्तर, घोड्यांचा डॉक्टर, नालबंद, या सगळ्या वाटा घोड्यापाशीच जातात. चण लहान असेल तर शाळा पुरी होऊ दे, मग एखाद्या ट्रेनरकडं अ‍ॅप्रेंटिस म्हणून. सुरुवातीला शेण काढावं लागेल, खरारा करावा लागेल, पहाटे चारला उठावं लागेल. हे ज्याला आवडतं तोच टिकतो.

तोपर्यंत रविवारी त्याला माझ्याकडं पाठवा. सकाळी सातच्या आत, कारण ऊन चढलं की घोडे माश्यांनी बेजार होतात. पाय उचलायचा कसा, मागच्या पायापाशी उभं राहायचं कुठं, हे मी दाखवीन. चप्पल घालून नको, बूट घालून येऊ दे.